मैलूरचा संगणक, पुण्याचा माउस

बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण या कर्नाटकातल्या पट्ट्यात संगणक अडला की दुरुस्त करणारा माणूस सहसा दारात येत नाही. तो लातूरला असतो, हैदराबादला असतो, नाहीतर पुण्याला. बीदरच्या मैलूर भागातलं एखादं ऑनलाइन सेवांचं दुकान घ्या. पहाणी काढायची, सेवा सिंधू या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, गृहलक्ष्मीचे पैसे का अडकले ते बघायचं, आधारला पॅन जोडायचं, अशी कामं तिथं दिवसभर चालतात. प्रिंटर चालेना, टॅली उघडेना, सहीचं डोंगल ओळखेना, की फोन लागतो आणि पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘एनीडेस्क चालू करा, नंबर सांगा.’ नंबर सांगितला की माउस आपोआप हलू लागतो. दुकानदार बाजूला सरकतो आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचे कागद चाळायला घेतो. तेवढ्या वेळात पडद्यावर कोणाचं आधार, कोणाचं पासबुक उघडं राहिलं आहे, इकडे कोणाचं लक्ष नसतं.

पतसंस्थांत, सौहार्द संस्थांत, गावच्या सोसायटीत हीच रीत आहे आणि ती वाढतच जाणार. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, तेव्हा ती २,५१६ कोटी रुपयांची योजना होती. जिथं कालपर्यंत खातेवही होती तिथं संगणक आला, आणि संगणकामागोमाग दूरचा मदतनीस येणारच.

त्यातच एनीडेस्कसारख्या नामांकित साधनांच्या फुकट आवृत्त्या आता सहज चालू देत नाहीत. धंद्यासाठी वापर होतोय असा संशय आला की जोडणी तोडतात आणि वर्गणी मागतात. मग कोणीतरी रस्टडेस्कचं नाव सुचवतं. ते फुकट आहे, दिसायला तसंच आहे, आणि ‘ओपन सोर्स आहे, त्यामुळे बिनधास्त वापरा’ असं सोबत सांगितलं जातं. लगेच दुसरा एखादा जाणकार म्हणतो, ‘ज्याचा कोड जगाला दिसतो तो चोरालाही दिसतो, त्यापेक्षा कंपनीचंच बरं.’ ही दोन्ही मतं मी इतक्या वेळा ऐकली आहेत की एकदा सगळा प्रश्न मुळापासून तपासून पाहावा असं वाटलं. माझा कल आधीच सांगतो. दुसऱ्याला आपल्या संगणकात शिरू देणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड उघडा असलाच पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. पण तेवढ्यावर विसंबून कोणत्याही संस्थेने ते बसवू नये. मधला सर्व्हर कोणाच्या ताब्यात आहे आणि कायमचा पासवर्ड कोणाकडे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं कोडच्या उघडेपणाइतकीच, किंबहुना जास्त महत्त्वाची आहेत.

आधी बंद कोडवाल्या कंपन्यांकडे पाहू. ‘कंपनीचं आहे’ या आधाराला २०२४ या एका वर्षात किती तडे गेले ते पाहण्यासारखं आहे. २ फेब्रुवारीला एनीडेस्कने जाहीर केलं की त्यांच्या उत्पादन यंत्रणेत घुसखोरी झाली आहे. कंपनीला आपली सॉफ्टवेअर-सहीची प्रमाणपत्रं रद्द करून नवी घ्यावी लागली आणि ग्राहकांचे संकेतस्थळावरचे पासवर्ड बदलायला लावावे लागले. त्याच महिन्यात कनेक्टवाइजच्या स्क्रीनकनेक्ट या तशाच साधनात पासवर्डशिवाय आत शिरता येईल असा दोष सापडला. त्याची गंभीरता दहापैकी दहा ठरली आणि काही दिवसांतच चोरांनी तो वापरायला सुरुवात केली. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितलं की विंडोजसोबत येणारं क्विक असिस्ट खंडणीखोर टोळ्या वापरत आहेत. जूनमध्ये टीमव्ह्यूअरच्या कार्यालयीन जाळ्यात रशियाच्या सरकारी हेरांशी जोडलेला गट शिरला. ग्राहकांपर्यंत तो पोहोचला नाही असं कंपनीने सांगितलं, आणि तसा पुरावा पुढे आलाही नाही. पण ती ग्वाही आपल्याला कंपनीच्या शब्दावरच स्वीकारावी लागते, बाहेरून तपासायला वाव नाही. बंद कोडची खरी अडचण मला इथं दिसते. दोष सगळ्यांतच निघतात, पण बंद कोडमध्ये दोष किती खोल होता हे कळण्याची वाट त्याच कंपनीच्या निवेदनातून जाते.

उघड्या कोडचा इतिहासही निर्मळ नाही. दूरचा पडदा पाहण्याचं जुनं लोकप्रिय साधन म्हणजे व्हीएनसी. ते केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत जन्मलं आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोडसकट जगाला मिळालं. त्यातून टाइटव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी, टायगरव्हीएनसी अशा शाखा फुटल्या. जुन्या व्हीएनसीत पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरं धरली जात आणि पुढची वाहतूक एन्क्रिप्शनशिवाय चाले. कारखान्यांतल्या, रुग्णालयांतल्या कितीतरी यंत्रांवर ते आजही तसंच चालू आहे. २०१९ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकाने चार उघड्या व्हीएनसी प्रकारांत मिळून ३७ दोष शोधले. त्यातले २२ एकट्या अल्ट्राव्हीएनसीत होते, आणि काही तर १९९९ पासून कोडमध्ये पडून होते. वीस वर्षं तो कोड कोणालाही वाचता येत होता. टाइटव्हीएनसीच्या पहिल्या पिढीतले दोष दुरुस्तही झाले नाहीत, कारण त्या शाखेचं काम विकासकांनी थांबवलं होतं. पण जुन्या संकेतस्थळांवरून ती लोक उतरवत राहिले.

असंच २००८ मध्ये डेबियन या लिनक्स-प्रकारात उघड झालं. दोन वर्षांपूर्वी एका दुरुस्तीत यादृच्छिक आकडे निर्माण करणाऱ्या कोडचा महत्त्वाचा भाग निघून गेला होता, आणि त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ पर्याय उरले होते. एका रात्रीत सगळ्या किल्ल्या ताडून पाहता येतील इतके कमी. जुलै २०२४ मध्ये, दूरच्या सर्व्हरमध्ये सुरक्षितपणे शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये २००६ साली बुजवलेला दोष २०२० च्या एका बदलाने परत आल्याचं क्वालिस कंपनीने दाखवलं. ओपनएसएसएच हा या क्षेत्रातला सगळ्यात काळजीपूर्वक लिहिलेला कोड मानला जातो, तरी असं झालं. मात्र या तिन्ही प्रकरणांत नेमकं काय, कधी, कोणत्या ओळीत चुकलं ते जगासमोर आलं. आपल्या संस्थेला त्याचा किती धोका, हे बाहेरचा तज्ज्ञ तपासून सांगू शकत होता.

आता रस्टडेस्क. आपल्याकडच्या दुकानांत पोहोचलेलं उघडं साधन हेच असल्याने त्याकडे नीट पाहायला हवं. रस्ट या भाषेत लिहिलेलं असल्यामुळे स्मृती हाताळण्याच्या ज्या चुकांनी व्हीएनसी पोखरलं होतं, त्यातल्या बऱ्याच मुळातच टळतात. परवाना एजीपीएलचा आहे, म्हणजे बदल करून सेवा देणाऱ्यालाही आपला कोड उघडा ठेवावा लागतो. रचना अशी आहे. तुमचा आणि मदतनीसाचा संगणक एका ओळख-सर्व्हरकडे नोंदतात. तो दोघांची गाठ घालून देतो. थेट जोडणी जमली तर ठीक, नाही जमली तर वाहतूक एका मधल्या रिले सर्व्हरवरून जाते. जोडणी एन्क्रिप्टेड असते. पण पलीकडे खरोखर तोच संगणक आहे, ही हमी ओळख-सर्व्हरच्या सहीवर उभी असते. त्या सर्व्हरचा ताबा वाईट माणसाकडे गेला, तर तो वेगळ्याच संगणकाची किल्ली ‘हाच तो’ म्हणून पुढे करू शकतो. रचनाकारांनी हे लपवलेलं नाही, कागदपत्रं वाचणाऱ्याला समजतं. पण फुकट उतरवून थेट वापरणारा प्रत्येक जण प्रकल्पाच्या सार्वजनिक सर्व्हरवर विसंबलेला असतो. कोड उघडा असला तरी त्या सर्व्हरवर प्रत्यक्ष काय चालू आहे, हे कोणालाही पाहता येत नाही.

आरोग्य सेतू या कोरोनाकाळातल्या सरकारी ॲपच्या वेळी आपण हेच अनुभवलं होतं. मे २०२० मध्ये अँड्रॉइड ॲपचा कोड खुला झाला, आणि अभ्यासकांनी लगेच विचारलं की माहिती जिथं साठते त्या सर्व्हरचा कोड कुठे आहे, आणि लोकांच्या फोनवरचं ॲप याच कोडमधून बनलं आहे कशावरून. प्रश्न रास्त होते. रस्टडेस्कलाही तेच विचारायला हवेत.

रस्टडेस्कच्या इतिहासातली एक घटना मला सर्वांत बोलकी वाटते. आवृत्ती १.२.३ विंडोजवर बसवली की संगणकाच्या ‘विश्वासू मूळ प्रमाणपत्रां’च्या यादीत ‘डब्ल्यूडीके टेस्ट सर्ट’ नावाचं एक चाचणी-प्रमाणपत्र जाऊन बसत होतं, मुदत २०२३ ते २०३३. पडदा झाकण्याच्या सोयीसाठी एक ड्रायव्हर लागत होता आणि महागडं अधिकृत प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून काढलेली ही पळवाट, असं विकासकांचं म्हणणं. परिणाम काय? त्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली कोणाच्या हाती लागली, तर तिने सही केलेलं कोणतंही सॉफ्टवेअर त्या संगणकाला विश्वासू वाटलं असतं. वापरकर्त्यांनी यादी उघडून ते शोधलं आणि जाहीर चर्चेत जाब विचारला. २०२४ मध्ये त्याला सीव्हीई-२०२४-२५१४० हा दोष-क्रमांक मिळाला. हा दोष आहे हे विकासकांनी मान्य केलं नाही, पण पुढच्या आवृत्तीतून ती पळवाट काढली. मला यातला हेतू वाईट वाटत नाही, सवय मात्र काळजीची वाटते. लाखो लोकांच्या संगणकावर मूळ विश्वासाची यादी बदलायच्या पर्यायावर आधीच खूण करून ठेवली होती. ज्यांनी जुनी आवृत्ती कधीकाळी बसवली होती, त्यांनी विंडोजच्या प्रमाणपत्र-व्यवस्थापकात जाऊन ते नाव अजून आहे का ते एकदा पाहावं. असल्यास तज्ज्ञाकडून काढून घ्यावं.

‘चिनी आहे का?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. जून २०२० मध्ये ५९ चिनी ॲपवर बंदी आल्यापासून तो दुकानातसुद्धा विचारला जातो. देश महत्त्वाचा नाही असं मी म्हणणार नाही. सार्वजनिक सर्व्हर कोणत्या कायद्याखाली आहे याने फरक पडतो. पण स्वतःचा सर्व्हर ठेवला तर या प्रश्नाची धार बरीच बोथट होते. मग उरतो तो कोडवरून उतरवायची फाइल कोणी बांधली हा प्रश्न, आणि तो कोणत्याही देशाच्या सॉफ्टवेअरला लागू आहे.

या प्रश्नाचं गांभीर्य मार्च २०२४ मध्ये जगाला कळलं. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं छोटं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ‘जिया टान’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं मनापासून मदत केली, थकलेल्या मूळ विकासकाचा विश्वास मिळवला, हळूहळू प्रकल्पाची सूत्रं घेतली आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलं. त्या दारातून दूरच्या सर्व्हरमध्ये शिरता आलं असतं. दार उघडणारा शेवटचा तुकडा सार्वजनिक कोड-भांडारात नव्हता, वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातच होता. म्हणजे कोड वाचणाऱ्याला तो दिसला नसता. तो सापडला कारण मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने आत जायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खटकलं. त्यांनी पिच्छा सोडला नाही आणि २९ मार्चला सगळं उघड केलं. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवलं होतं की कोड स्वच्छ असूनही तो बांधणारं साधन विषारी असू शकतं. चाळीस वर्षांनी तसंच काहीसं प्रत्यक्षात घडता घडता राहिलं.

म्हणून एफ-ड्रॉइडसारख्या भांडारांची पद्धत मला आवडते. ते मूळ कोडवरून ॲप स्वतः बांधतात. विंडोजच्या वाट्याला ही सोय फारशी नाही. तिथं किमान अधिकृत पानावरून फाइल घ्यावी, तिच्यावरची डिजिटल सही तपासावी. शोधयंत्रात नाव टाकून वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करून घेऊ नये. या साधनांच्या नावाने नकली पानं आणि जाहिराती फिरतात, आणि तिथं उघडा कोड, बंद कोड या वादाला अर्थच उरत नाही.

चोरट्यांच्या फोनपुढे तर दोन्ही सारखेच निरुपयोगी. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं की एनीडेस्क टाकायला लावून यूपीआयमधून पैसे पळवले जात आहेत. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये दोष नव्हता, ते सांगितलेलं काम चोख करत होतं. आता रस्टडेस्कच्या अँड्रॉइड ॲपमध्ये सेवा सुरू करताना ठळक इशारा येतो. अनोळखी माणसाने फोनवर सांगितलं म्हणून हे टाकत असाल तर पुढे जाऊ नका, असा त्याचा आशय, आणि काही सेकंद थांबल्याशिवाय होकार देता येत नाही. चांगली गोष्ट आहे. पण औराद तालुक्यातल्या मराठी वाचणाऱ्या आजीला ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा कोणी घाई करत असेल, तर तो इशारा तिच्या उपयोगी पडण्याची शक्यता कमीच. तिच्या घरच्यांना दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. पैसे गेले की लगेच १९३० या सायबर-फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा, आणि बँकेला लेखी कळवायचं. जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेलेले पैसे बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाच्याच डोक्यावर असतात. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. त्यामुळे एकेक तास मोलाचा.

आता संस्थांकडे वळतो, कारण तिथं सुधारणा खरोखर आपल्या हातात आहे. पतसंस्थेची तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही, एक व्यवस्थापकाकडे, एक रोखपालाकडे. त्याच पतसंस्थेच्या मुख्य संगणकावर कायमचा रिमोट पासवर्ड ठेवलेला असतो. तो सपोर्टच्या मुलाला माहीत, त्याने नोकरी सोडली तर त्याच्या जागी आलेल्यालाही माहीत, आणि रात्री संगणक बंद करायचा नाही अशी सूचना. एका संस्थेत तो पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर मी वाचला आहे. संस्थेचं नाव आणि पुढे आकडे, बस. असं असेल तर कोणतं सॉफ्टवेअर वापरता याने काहीच बदलत नाही.

रस्टडेस्क वापरायचंच असेल, तर एक छोटा सर्व्हर घेऊन त्याचे दोन भाग, ओळखीचा आणि रिलेचा, स्वतः चालवावेत. एखाद्या जिल्हा संघाने किंवा दहा-बारा संस्थांनी मिळून केलं तर खर्च जाणवतही नाही. मग प्रत्येक संगणकावर सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर चार चौकोन दिसतात: ओळख-सर्व्हर, रिले सर्व्हर, एपीआय सर्व्हर आणि किल्ली. लोक पहिला चौकोन भरतात आणि किल्लीचा रिकामा सोडतात. जुन्या सर्व्हर-आवृत्त्यांत असं सोडलं तरी जोडणी व्हायची, आणि ती एन्क्रिप्शनशिवाय व्हायची. ते बंद करायला सर्व्हर सुरू करतानाच वेगळा पर्याय द्यावा लागे. तेव्हा किल्ली भरावी, आणि जोडणी झाल्यावर टॅबवरच्या ढालीच्या चिन्हावर माउस नेऊन ‘एन्क्रिप्टेड’ लिहिलंय का ते वाचावं. सुरक्षिततेच्या पानावर कायमचा पासवर्ड काढून दर वेळी बदलणारा ठेवावा, आणि पासवर्ड बरोबर असला तरी इथल्या माणसाने होकाराचं बटण दाबल्याशिवाय आत येता येऊ नये असं करावं. फाइल नेण्याची परवानगी बंद. प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्याला फायली न्यायची गरज नसते.

यात एक मोठी उणीव मात्र राहते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि नोंदी १८० दिवस जपायच्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम आले, आणि माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्या कायद्यात आहे. म्हणजे कोण, कधी, किती वेळ आत होतं, हे संस्थेला दाखवता आलं पाहिजे. रस्टडेस्कच्या फुकट सर्व्हरमध्ये अशी मध्यवर्ती नोंद नीट मिळत नाही. ती सशुल्क ‘प्रो’ सर्व्हरमध्ये आहे, आणि त्या ‘प्रो’चा कोड उघडा नाही. ज्या कारणासाठी आपण उघडा कोड निवडला, तेच कारण गरज मोठी झाली की निसटतं.

म्हणून पतसंस्थांसाठी मी सध्या मेशसेंट्रल सुचवतो. इंटेलमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प अपाची परवान्याखाली पूर्ण उघडा आहे. स्वतःच्या सर्व्हरवर चालतो, दोन टप्प्यांचा प्रवेश देतो, प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो आणि हवं तर सत्राचं चित्रणही करतो. मांडणी रस्टडेस्कइतकी सोपी नाही, सांभाळायला लिनक्स जाणणारा एक माणूस लागतो. अपाचीचं ग्वाकामोलेही चांगलं आहे. त्यात ब्राउझरमधूनच काम होतं, मात्र २०२० मध्ये चेक पॉइंट कंपनीने त्यात गंभीर दोष दाखवले होते आणि ते १.२.० आवृत्तीत बुजवले गेले. म्हणजे तेही अद्ययावत ठेवणारा माणूस हवाच. हा माणूस महिन्यातून दोन दिवसांसाठी बीदरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मिळू शकतो, आणि त्याचं मानधन दहा संस्थांत वाटलं तर एका संस्थेच्या झेरॉक्सच्या कागदाइतकंही येणार नाही. सपोर्ट कंपनीशी होणाऱ्या वार्षिक करारात फक्त एक कलम घालावं लागेल: जोडणी आमच्या सर्व्हरवरून, आमच्या होकाराने, आणि नोंद आमच्याकडे. पुढच्या मार्चमध्ये बहुतेक करार नव्याने होतील. त्याआधी संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय घेता येईल.